फसलेला एक्स-रे कुणाला दाखवायचा?

प्रश्न असा आला आहे: "सर, ससूनमधून एम.एस. ऑर्थो होऊन दीड वर्ष झालं. सध्या कोथरूडला तीस खाटांच्या एका हॉस्पिटलात आहे. सगळे सिनियर म्हणतात, हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेची आजीव सभासद हो. आधी शहराची, मग राज्याची, मग देशाची. म्हणजे तीनदा पैसे. पाहुणी म्हणून दोन सभांना जाऊन आले. एक भाषण, त्यात कंपनीच्या इम्प्लांटचं कौतुक, मग जेवण. हॉलमध्ये पन्नास पुरुष आणि मी. ही संघटना नेमकं करते काय? सभासद नाही झाले तर माझं काय अडेल?"

काही अडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऑपरेशन करायचा अधिकार तुला पदवीने आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीने मिळालाय. संघटना तो देत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही. सभासद न होता उत्तम काम करणारे सर्जन पुण्यात आहेत, आणि सभासद होऊन नुसती जेवणं करणारेही आहेत. तीस-बत्तीस वर्षं हाडांचं काम केलं, मधली काही वर्षं शहराच्या संघटनेचा चिटणीस होतो, एकदा खजिनदारही. तेव्हा आतलं थोडं माहीत आहे. तुला 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

१९९७ची गोष्ट. सिंहगड रस्त्यावर माझं बारा खाटांचं नर्सिंग होम होतं. सत्तरीच्या एक आजी न्हाणीघरात घसरल्या, खुब्याशी मांडीचं हाड मोडलं. मी डायनॅमिक हिप स्क्रू, म्हणजे मोडलेलं हाड धरून ठेवणारा खुब्याचा स्क्रू, घातला. ऑपरेशन तासाभरात झालं, टाके छान भरले, आजी वॉकरवर उभ्या राहिल्या. सहाव्या आठवड्यात त्यांचा मुलगा आला, म्हणाला, "आईला बसलं की आतून टोचतं." एक्स-रे काढला तर स्क्रू हाडाचं डोकं फाडून वर आलेला. मी मुलाला सांगितलं, हाड फार ठिसूळ आहे, या वयात होतं असं. त्यानं मान हलवली. आणि खरं सांगायचं तर मी खोटं बोलत नव्हतो. माझाही त्यावर पूर्ण विश्वास होता.

महिन्याच्या सभेत ती केस मांडायचं ठरवलं, आणि मथळा दिला 'ठिसूळ हाडांमधली एक अडचण'. म्हणजे निकाल आधीच लावून गेलो होतो. एक्स-रे व्ह्यू बॉक्सवर लावले. दुसऱ्या रांगेत बी.जे. मेडिकल कॉलेजचे एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. ते उठले, खिशातून शाळेतल्या मुलांची असते तशी प्लॅस्टिकची पट्टी काढली आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्याच एक्स-रेवर ठेवली. समोरून घेतलेल्या फोटोत स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शेंड्यापर्यंतचं अंतर मोजलं, मग बाजूच्या फोटोत मोजलं, एक्स-रेमध्ये हाड किती मोठं दिसतं त्याचा हिशेब घातला आणि दोन्हींची बेरीज केली. ती आली एक्केचाळीस मिलिमीटर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाड आजींचं ठिसूळ होतं, मान्य. पण स्क्रू तुमचाच ना?"

हे मोजमाप तुम्हाला आता पहिल्या वर्षाला शिकवतात, टिप-एपेक्स डिस्टन्स. बाउमगार्टनर यांचा तो निबंध १९९५ साली आला होता. ज्यांच्यात ही बेरीज पंचवीस मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यापैकी एकाचाही स्क्रू हाड फाडून बाहेर आला नव्हता. मला तो निबंध माहीतच नव्हता. माझ्याकडे इंटरनेट नव्हतं, जर्नल बी.जे.च्या ग्रंथालयात, आणि माझी ओपीडी रात्री नऊपर्यंत. त्या संध्याकाळी हॉलमध्ये तीसेक जण होते. कुणी हसलं नाही. घरी येताना स्कूटर नळस्टॉपच्या सिग्नलला थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजींच्या आधीच्या दोन पेशंटांचे स्क्रूही मी असेच वरच्या बाजूला घातले होते. ते टिकले, हे माझं नशीब. दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावून खरं काय ते सांगितलं. तो चिडला, आणि पुढचं ऑपरेशन त्यानं दुसरीकडे करून घेतलं. त्याचं काही चुकलं नाही.

तू विचारतेस संघटना काय करते. माझ्या लेखी तिचं मूळ काम ते एवढंच, ती पट्टी. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला.

नीट विचार कर. ससूनला असताना रोज सकाळी आदल्या रात्रीचे एक्स-रे सगळ्या युनिटसमोर लागायचे की नाही? बोलणी खाल्ली असशील, रडलीही असशील. पण एक गोष्ट होती: तुझा प्रत्येक एक्स-रे तुझ्याहून जाणता माणूस बघत होता. पदवी हातात पडली आणि ते बंद झालं. आता कोथरूडला तू प्लेट बसवलीस की तो एक्स-रे कोण बघतं? तू, भूलतज्ज्ञ (त्यांचं लक्ष घड्याळाकडे), आणि पेशंटचा भाचा, ज्याला पांढरं दिसलं की बरं वाटतं. फसलेला पेशंट बहुतेक वेळा तुझ्याकडे परतही येत नाही, तो दुसऱ्याकडे जातो. म्हणजे स्वतःच्या चुकांची बातमीसुद्धा आपल्याला लागत नाही. पुण्यात बरंच हाडांचं काम अशा छोट्या नर्सिंग होममध्ये एकट्यादुकट्याने चालतं. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांत माणसं जास्त असतात, पण तिथं चूक कबूल करण्याची भीती वेगळी.

म्हणून तू ज्या दोन सभा पाहिल्यास त्या मला पुरेशा वाटत नाहीत. तुझी तक्रार खरी आहे, भाषण आणि जेवण एवढंच असेल तर घरी बसलेलं बरं. वर्षातून दोन-तीन सभा फक्त गुंतागुंतीच्या, म्हणजे फसलेल्या केसेसच्या असतात. त्यांचा निरोप बघ आणि त्यांनाच जा. आमच्या वेळी त्या टिळक रोडवर आय.एम.ए.च्या सभागृहात व्हायच्या, साडेआठला म्हणून नऊला सुरू. वानवडीहून लष्करी हॉस्पिटलातले सर्जन यायचे. त्यांची बदली ठरलेली, शहरात कुणाशी रेफरलचं देणंघेणं नाही, त्यामुळे त्यांचे प्रश्न सगळ्यात सरळ असायचे. पुण्यात हाडांच्या कामाला लष्कराची जुनी साथ आहे. कृत्रिम अवयव केंद्र वानवडीला १९४४ पासून, लष्कराचं मेडिकल कॉलेज ए.एफ.एम.सी. १९४८ पासून. ते लोक सभेत नसतील तर सभा अर्धी समजावी असं मला वाटतं.

तू म्हणशील, हे आता व्हॉट्सअॅपवर होतं. होतं, पण कसं होतं ते बघ. एक्स-रे टाकला की पाच मिनिटांत अठरा अंगठे आणि 'सुपर्ब रिडक्शन सर', म्हणजे हाड झकास बसवलंय. ज्याला खोट दिसते तो गप्प बसतो, कारण टाकणारा त्याला पेशंट पाठवतो, किंवा परीक्षक आहे, किंवा नुसता सिनियर आहे. समोरासमोर गप्प बसणं जास्त अवघड असतं. शिवाय ग्रुपवर लोक जिंकलेल्याच केसेस टाकतात. आणि निम्म्या एक्स-रेंवर पेशंटचं नाव तसंच असतं! चिटणीस असताना मी शंभरदा लिहिलं असेल, नाव झाका म्हणून. अजून लिहावं लागतं म्हणे.

कॉन्फरन्स आणि क्रेडिट पॉइंट यांबद्दल थोडक्यात. कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी पदवीनंतरच्या शिक्षणाचे तीस क्रेडिट पॉइंट; संघटनेच्या कार्यक्रमांना ते मिळतात, कौन्सिलचा निरीक्षक येऊन बसतो. सही करून जेवणानंतर गायब होणारे असतातच. कार्यशाळा मात्र चुकवू नकोस. प्लॅस्टिकच्या हाडांवर प्लेट वाकवणं, शवावर खुब्याकडे जाणारा मार्ग उघडून बघणं, हे एकटीला परवडणारं नाही. शिवाय एम.एस.च्या मुलांसाठी परीक्षेआधीचे वर्ग असतात, खरे पेशंट बसवून केस घेतात. तिथं शिकवायला लाग. आपल्याला काय येत नाही हे शिकवताना जितकं कळतं तितकं कशातच नाही.

आता कंपन्या. हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्या नाकाला आला तो वास खरा आहे. सभेचा हॉल, प्रोजेक्टर, जेवण, बाहेरच्या वक्त्याचं विमानाचं तिकीट, हे सगळं सभासदांच्या वर्गणीत कधीच बसत नाही. उरलेलं इम्प्लांट आणि औषध कंपन्या भरतात, स्टॉलच्या भाड्याच्या नावाने. २००९च्या डिसेंबरात मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती करून भेटी, प्रवास, पाहुणचार बंद केला. २०२४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी विपणनाची नवी संहिता आणली, ती कंपन्यांना साधारण तेच सांगते. कागदावर छान आहे. मी चिटणीस असताना एका कंपनीने सांगितलं, पैसे देतो पण वक्ता आम्ही ठरवणार. समितीत दोन तास वाद झाला. शेवटी नाही म्हणालो, कंपनी गेली, आणि त्या महिन्यात जेवणाला पिठलं-भाकरी आणि ठेचा होता. एका ज्येष्ठांनी तोंड वाकडं केलं, पण त्या सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं थांबली. (ठेच्यामुळे असावं, माझा गैरसमज नाही.)

सगळीकडे आम्ही इतके ताठ राहिलो असतो तर बरं झालं असतं. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या पुढे होती, ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतकी झाली. गुडघ्याची वाटी बदलायला आलेली माणसं माझ्यासमोर बसून विचारायची, "मग आधी आमच्या शेजाऱ्यांकडून इतके पैसे का घेतले?" उत्तर नव्हतं. कंपनीची किंमत, वितरकाचा नफा, हॉस्पिटलचा नफा, आणि काही ठिकाणी त्याहून नको ते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आधी बोलायला हवं होतं ते हाडांच्या डॉक्टरांनी, संघटना म्हणून. आम्ही गप्प बसलो आणि मग सरकारने बोलल्यावर 'गुणवत्तेचं काय होणार' यावर परिसंवाद घेतले. त्यातल्या एका परिसंवादात मीही व्यासपीठावर होतो.

संघटनेला करता येण्यासारखं आणखी एक मोठं काम आहे, त्याला आपल्याकडे म्हणावा तसा जोर नाही. सांध्यांची नोंदवही. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची सुरू केली. कोणता सांधा, कुणाला, कधी घातला, पुन्हा ऑपरेशन कधी करावं लागलं, एवढंच लिहायचं. पण देशभरातून लिहायचं. धातूवर धातू घासणारा खुब्याचा एक सांधा २०१० साली जगभरातून परत मागवला गेला, तो वाईट निघतोय याचा इशारा आधी ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीतून मिळाला होता. तो सांधा आपल्याकडेही हजारो लोकांना बसवलेला होता, आणि त्यातले कितीतरी पुढे शोधूनही सापडले नाहीत. एकट्या सर्जनला पाच-सहा वाईट निकाल म्हणजे पाच-सहा वाईट दिवस वाटतात. ते एकत्र लिहिले तरच खोट सांध्यात आहे की हातात, हे कळतं. पट्टी तीच, फक्त देशाएवढी लांब. तू सभासद झालीस तर या कामाच्या मागे लाग, जेवणाच्या समितीत जाऊ नकोस.

लोकांसाठी काय करतो, हेही कुणी विचारतं. ४ ऑगस्टला अस्थी व सांधे दिन असतो, शिबिरं होतात, वाहतूक पोलिसांना प्रथमोपचार शिकवतात, पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा वारकऱ्यांचे पाय बघतात. फोटो भरपूर निघतात. त्यातलं मला मोलाचं वाटलं ते एकच. मुळशीकडचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा कोपराचं हाड मोडून हाडवैद्याकडे गेला होता. बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी. मुलगा रात्रभर रडला, सगळे म्हणाले हाड बसतंय म्हणून दुखतंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आला तेव्हा हात वाचला पण कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू गेले होते. रक्त अडलं की सहा तासांच्या पुढे स्नायू मरायला लागतात. त्यानंतर आम्ही चार-पाच जण तालुक्यात जाऊन आशाताईंशी बोलायला लागलो. हाडवैद्याला शिव्या द्यायला गेलो नाही; त्याच्याकडे लोक जाणारच, तो जवळ आहे आणि स्वस्त आहे. एकच सांगायचो. पट्टीनंतर दुखणं वाढत गेलं, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं, तर रात्र असो की पहाट, पट्टी कापा आणि मग गाडी शोधा. दोन गावांत हाडवैद्य स्वतः ऐकायला येऊन बसले. त्यांच्यातल्या एकाने नंतर तीन मुलं आमच्याकडे पाठवली, वेळेत.

कायद्याचं विचारलं नाहीस, पण कधीतरी विचारशील. सुप्रीम कोर्टातल्या १९९५च्या शांता खटल्यापासून डॉक्टर ग्राहक कायद्यात आले, आणि २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, हलगर्जी ढोबळ असावी लागते आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं. हे मत कोण देणार, तर तुझ्या-माझ्यासारखे. चिटणीस असताना एकाच आठवड्यात मला दोन फोन आले. एक सभासदाचा: "नोटीस आलीय, संघटनेचं पत्र द्या की उपचार बरोबर होते." दुसरा त्याच पेशंटच्या भावाचा: "आम्हाला कुणी डॉक्टर मत द्यायला तयार नाही." पत्र दिलं नाही. संघटनेला तसं पत्र द्यायचा काहीही अधिकार नाही, फाइल न बघता तर अजिबात नाही. दोघांनाही सांगितलं, कागद द्या, तीन ज्येष्ठ वाचतील आणि दोघांनाही तेच मत मिळेल. भावाने कागद आणून दिले. सभासदाने दिले नाहीत आणि नंतर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. भावाला मी कौन्सिलकडे तक्रार कशी करतात ते सांगितलं. यावरून समितीत माझ्यावर बरंच तोंडसुख घेतलं गेलं. तू सभासद झालीस की तुझ्यावर नोटीस आली तर मदत मिळेल, चांगला वकील, धीर, फाइल वाचणारं माणूस. पांघरूण मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

पन्नास पुरुष आणि तू, हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. माझ्या तुकडीत ऑर्थोला एकही मुलगी नव्हती, आता बऱ्याच येतात, तरी व्यासपीठावर दिसत नाहीत. एक बारीक गोष्ट सांगतो. सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली, घालायचे शिशाचे एप्रन पुरुषांच्या मापाचे असतात, बायकांच्या काखेपाशी उघडे राहतात, आणि किरणं नेमकी तिथूनच आत जातात. हे मला एका ज्युनियर बाईंनी सांगितलं तेव्हा मी साठीला आलो होतो. संघटनेने मापाचे एप्रन मागवण्याचा ठराव करावा असं मी लिहून दिलं. पुढचा अजेंडा आला तेव्हा तो विषय 'इतर' मध्ये होता आणि वेळ संपली. तू आलीस की तो 'इतर' मधून वर आण.

तीनदा पैसे कशाचे, तेही सांगतो. इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशन १९५५ मध्ये सर्जनांच्या मोठ्या संघटनेतून वेगळी झाली. तिचं जर्नल १९६७ पासून निघतं, देशाचं अधिवेशन ती भरवते, फेलोशिप देते. महाराष्ट्राची संघटना तेच राज्यासाठी. पण तुला पट्टी लावून बघणारी माणसं शहराच्या संघटनेत भेटतील, तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी तिथं भर. शहराच्या संघटनेचे हिशेब मागायला लाजू नकोस. तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते, पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. मी खजिनदार झालो तेव्हा मागच्या तीन कार्यकारिणींचे अर्ज राहिले होते आणि बँक सही बदलू देत नव्हती. आठ महिने मी ओपीडी सोडून त्या कार्यालयाचे जिने चढलो. हेही संघटनेचंच काम, फक्त त्याचा फोटो कुणी काढत नाही.

बहुतेक ठिकाणी अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. एक माझी धर. दुसरी घ्यायला फसलेल्या केसेसच्या पुढच्या सभेला ये, आणि हात हलवत येऊ नकोस. दीड वर्षात एखादा तरी एक्स-रे असा असेल जो तू कुणाला दाखवला नाहीस. नाव झाकून तो आण. पट्टी माझ्याकडे आहे.